आधी पाण्याची रेघ बघा

बंदरात जहाजं बघायला आलेल्या माणसांच्या माना वर असतात. कंटेनरचे थर, क्रूझच्या बाल्कन्या, क्रेन. माझी दुर्बीण मात्र आधी खाली जाते, जहाज पाण्याला टेकतं तिथे. जहाज भरलेलं आहे की रिकामं, हे तिथेच कळतं.

नाळेवर, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकाला, आणि मागच्या टोकाला आकडे रंगवलेले असतात. मेट्रिक खुणांत प्रत्येक आकडा १० सेंटिमीटर उंच. पाणी आकड्याच्या बुडाला लागलं, तर तो आकडा म्हणजेच जहाजाची पाण्यातली खोली. मधल्या भागात एक वर्तुळ आणि त्याला छेदणारी आडवी रेघ दिसते, ती प्लिमसॉलची खूण. एके काळी मालक जहाजं वाट्टेल तशी लादत आणि ती बुडाली की खलाशी जात. सॅम्युएल प्लिमसॉल या खासदाराने त्याविरुद्ध रान उठवलं आणि १८७६ च्या ब्रिटिश कायद्याने ही खूण सक्तीची झाली. एवढ्याशा रंगाने किती जीव वाचले असतील! वर्तुळाशेजारी आणखी रेघा असतात. गोड्या पाण्याची रेघ वर, कारण गोडं पाणी हलकं, त्यात जहाज जास्त बसतं. हिवाळी समुद्राची खाली, कारण तिथे लाटांसाठी जास्त काठ मोकळा ठेवावा लागतो.

रिकामं बल्क कॅरियर, म्हणजे कोळसा-धान्यासारखा सुटा माल वाहणारं जहाज, आत येताना दिसलं की मी बाकी सगळं सोडते. एरवी पाण्याखाली असणारा नाळेचा फुगीर गोळा बाहेर आलेला असतो. मागे पंख्याची वरची पाती पाणी थापटत असतात, तो धपधप आवाज काठापर्यंत येतो. तांबड्या रंगावर वाळलेलं शेवाळ आणि कालवांचे पुंजके दिसतात. पायलटचे, म्हणजे जहाजाला बंदरात वाट दाखवणाऱ्या माणसाचे, हाल याच जहाजावर. त्याची बोट बाजूला घासत चालते आणि जहाज चालू असतानाच तो दोराची शिडी धरतो. चढाई ९ मीटरपेक्षा जास्त असली तर त्या शिडीच्या जोडीला जहाजाचा कलता जिना सोडावा लागतो. पायलट कठडा ओलांडेपर्यंत माझा जीव वर-खाली होतो.

मोटारी वाहणारी जहाजं मला फारशी भावत नाहीत, नुसत्या उंच भिंती. पण वारा सुटला की त्यांना धक्क्याला लावताना टगांची, म्हणजे जहाजं ओढणाऱ्या-ढकलणाऱ्या छोट्या बोटींची, जी झुंज चालते, ती बघण्यासारखी असते.

माझा सगळ्यात लाडका मात्र ड्रेजर. तळाचा गाळ पोटात ओढून घेतो, काठोकाठ भरून बाहेर जातो, समुद्रात पोटाची दारं उघडून गाळ सोडतो आणि हलका होऊन परततो. गाळ साठत असलेल्या बंदरात त्याचं काम थांबलं, तर मोठ्या जहाजांना आत यायला पाणीच पुरणार नाही. म्हणून माझ्या वहीत त्याच्या नोंदी सगळ्यात जास्त आहेत, जाताना किती खोल, येताना किती वर.