लिनॅकला स्रोत नसतो, हे समितीला पटवताना

पीएच.डी.ला माझा विषय होता प्रोटॉनचा झोत वळवणारी चुंबकं. तिथून रुग्णालयातल्या रेडिओथेरपीच्या यंत्रांकडे आले, जोडीला शाळा-महाविद्यालयांत विज्ञानाची व्याख्यानं सुरू झाली. हे सगळं आपोआप जुळत गेलं. गाडी अडली ती लोकांना प्रत्यक्ष लिनॅक, म्हणजे इलेक्ट्रॉनांना सरळ रेषेत वेग देऊन कर्करोगाच्या उपचारासाठी क्ष-किरण काढणारं यंत्र, दाखवायची परवानगी मागितली तेव्हा. तो फॉर्म आठवला की आजही डोकं तापतं.

कणवेगवर्धक (लिनॅकही त्यातलाच एक) म्हटलं की लोकांना जिनिव्हाजवळच्या सर्न या प्रयोगशाळेचा २७ किलोमीटरचा बोगदा आठवतो. प्रत्यक्षात जगातले बहुतेक वेगवर्धक कारखान्यांत आणि रुग्णालयांत आहेत. लंडनच्या हॅमरस्मिथ रुग्णालयात लिनॅकने पहिला रुग्ण १९५३ साली घेतला, तरी आजही उपचाराला येणाऱ्या माणसाला आपल्यावर कुठलं यंत्र फिरतंय हे कुणी सांगत नाही. म्हणून सुट्टीच्या दिवशी, यंत्र बंद ठेवून, नातेवाईक आणि विद्यार्थ्यांना बंकर, म्हणजे यंत्राची जाड भिंतींची खोली, आतून दाखवायचा बेत केला.

सुरक्षा समितीच्या ऑनलाइन फॉर्ममध्ये तीन रकाने सक्तीचे होते: किरणोत्सर्गी स्रोताचं (स्वतःहून किरण सोडणाऱ्या पदार्थाचं) नाव, अर्धायुकाल (त्याची किरणं निम्मी व्हायला लागणारा काळ) आणि बेकरेल या एककात सक्रियता, म्हणजे किरणोत्सर्गाचा जोर. ते भरल्याशिवाय पुढचं पान उघडेना. शून्य चालेना, ‘लागू नाही’ चालेना. फॉर्म कोबाल्ट यंत्रांच्या काळातला, म्हणजे किरणोत्सर्गी कोबाल्ट पोटात ठेवून उपचार करणाऱ्या यंत्रांच्या. कोबाल्ट-६० चा अर्धायुकाल ५.२७ वर्षं, आणि यंत्र बंद असलं तरी कवचाच्या आत त्याचं उत्सर्जन चालूच. लिनॅकची गोष्टच वेगळी. सुमारे ३००० मेगाहर्ट्झच्या सूक्ष्मलहरी इलेक्ट्रॉनांना वेग देतात, ते टंगस्टनवर आदळतात आणि क्ष-किरण निघतात. वीज तोडली की संपलं. दहा मेगाव्होल्टच्या वरच्या यंत्रांत न्यूट्रॉनमुळे काही भाग थोडा वेळ किरणोत्सर्गी राहतात, पण आमचं यंत्र सहाचं.

हे सगळं पत्रात लिहून पाठवलं. उत्तर आलं, ‘अर्ज अपूर्ण, त्रुटी दूर करून पुन्हा सादर करा.’ कुठली त्रुटी? तेच तीन रकाने. कुणीतरी सुचवलं, कोबाल्ट लिहून मोकळी हो. सुरक्षेच्या कागदावर खोटं लिहायचं? मी साफ नकार दिला. मग पुन्हा पत्र, पुन्हा तेच उत्तर. फोन केला तर ‘साहेब मीटिंगमध्ये आहेत’. शाळांना कळवलेल्या तारखा उलटून गेल्या आणि मुख्याध्यापकांपुढे मीच खोटी पडत होते. या वाट पाहण्याचा राग अजून गेलेला नाही.

सुटका झाली ती कागदाने नाही. समितीतल्या एका अधिकाऱ्यांना सकाळच्या तपासणीच्या वेळी खाली बोलावलं. बंकरच्या वळणाच्या वाटेत, सीसीटीव्हीत दिसेल असा किरणोत्सर्ग मोजणारा मीटर ठेवला. बाहेरून बीम (किरणांचा झोत) चालू केला, आकडा उसळला. बंद केला, आकडा त्याच क्षणी भोवतालच्या नेहमीच्या पातळीवर. त्यांनी स्वतः बटण दाबून पुन्हा पाहिलं आणि म्हणाले, “मॅडम, हे आधी का नाही दाखवलंत?” परवानगी त्याच आठवड्यात आली, आणि मला मनापासून अभिमान वाटला.

तेव्हा असा कार्यक्रम करणाऱ्यांनी आधी सुरक्षा अधिकाऱ्यांना यंत्राजवळ न्यावं, फॉर्म नंतर. परवानगी हातात येईपर्यंत शाळांना तारीख देऊ नये. आणि हो, यंत्राची ऊर्जा अर्जाच्या पहिल्याच ओळीत लिहा. सहा आणि पंधरा मेगाव्होल्टला वेगवेगळे प्रश्न विचारले जातात, विचारलेही पाहिजेत.

एक राहिलंच: बीम चालू करायची किल्ली पाहुण्यांसोबत आत जाणाऱ्या भौतिकशास्त्रज्ञाच्या खिशात असावी, कंट्रोल पॅनेलवर नको. आमच्या परवानगीत ती अट नव्हती, मी स्वतःहून घालून घेतली. बंकरचं जाड दार पाहून मुलं पहिला प्रश्न हाच विचारतात की आता कुणी चुकून चालू केलं तर? तेव्हा खिशातली किल्ली काढून दाखवता येते.