पावती फाडली म्हणजे दोष फिटतो का?

कार्तिक महिन्यात आमच्या भागातल्या विठ्ठल मंदिरात पहाटे पाच वाजता काकडा सुरू होतो. तीन वर्षांपूर्वीच्या अशाच एका पहाटे मला निघायला उशीर झाला होता. हडपसरकडून सासवडला जाणाऱ्या रस्त्याला मध्ये दुभाजक आहे. मंदिराकडे जायचे तर पुढच्या चौकापर्यंत जाऊन वळून यावे लागते, आणि तो वळसा टाळायचा असेल तर शे-दीडशे पावले उलट्या दिशेने दुचाकी नेली की काम भागते. आमच्याकडचे बरेच जण तसेच करतात आणि त्या दिवशी मीही तसेच केले. समोरून सायकलवर दुधाच्या पिशव्या घेऊन एक वयस्कर गृहस्थ येत होते. दिवा सरळ अंगावर येताना पाहून ते गांगरले, त्यांनी हँडल वळवले आणि पदपथाच्या कडेला धडकून ते पडले. गुडघा सोलवटला, पिशव्या फुटून दूध रस्त्यावर वाहिले. मी त्यांना उठवायला धावलो, तेव्हा माझ्या कपाळावरचा बुक्का आणि गळ्यातली माळ पाहून ते म्हणाले, "चुकलं माउली, मला दिसलं नाही."

चूक सर्वस्वी माझी होती. तसे मी त्यांना सांगितले, दुधाचे पैसे दिले, सकाळी दवाखान्यात नेऊन मलमपट्टी करून आणली. तरीही त्यांनी मागितलेली ती क्षमा माझ्या मनातून गेलेली नाही. त्या वेळी चौकात पोलीस नव्हता आणि कॅमेराही नव्हता, त्यामुळे दंड झाला नाही. सरकारच्या हिशेबी काही घडलेच नाही. माळ घालून मी जे व्रत स्वीकारले आहे, त्याच्या हिशेबी मात्र काय घडले, हा प्रश्न तेव्हापासून मी पुन्हापुन्हा स्वतःला विचारत आलो आहे.

माझ्या ओळखीच्या पुष्कळ श्रद्धाळू माणसांच्या मते हा प्रश्नच उद्भवत नाही. वाहतुकीचे नियम ही सरकारची व्यवस्था आहे आणि पाप-पुण्य हा देवाचा प्रांत आहे. नियम मोडताना सापडलो तर पावती फाडायची आणि मोकळे व्हायचे, असे ते मनापासून मानतात. आपली सरकारी भाषाही नकळत या समजुतीला हातभार लावते, कारण जागेवर भरून घेतल्या जाणाऱ्या या रकमेला आपल्याकडे 'तडजोड शुल्क' म्हणतात. तडजोड झाली म्हणजे बाकी काही उरले नाही, असे कोणालाही वाटावे.

हे मत आपल्यापुरतेच नाही, हे मला वसईच्या एका कॅथलिक मित्राकडून समजले. युरोपातल्या डॉमिनिकन संन्याशांनी 1236 मध्ये आपल्या संघाच्या नियमावलीत स्पष्ट लिहिले की, हे नियम मोडणाऱ्याला शिक्षा भोगावी लागेल, पण केवळ नियम मोडल्याने त्याला पाप लागणार नाही. पुढे सोळाव्या शतकात स्पेनमधल्या धर्मशास्त्र्यांनी हाच विचार राजाच्या काही कायद्यांना लावून पाहिला. असा कायदा माणसापुढे दोन वाटा ठेवतो, एक तर पाळा किंवा दंड भरा, आणि दंड भरणाऱ्याची सदसद्विवेकबुद्धी स्वच्छ राहते, असा त्यांचा युक्तिवाद होता. जकातीपुरता किंवा जंगलात लाकूड तोडण्याच्या मनाईपुरता तो एक वेळ समजून घेता येईल. पण ज्या पंथात हा विचार वाढला, त्याच कॅथलिक चर्चच्या अधिकृत धर्मशिक्षणग्रंथात आज असे म्हटले आहे की, दारूच्या नशेत किंवा वेगाच्या हव्यासापायी स्वतःची आणि इतरांची सुरक्षितता धोक्यात आणणाऱ्याला गंभीर दोष लागतो. 2007 मध्ये तर व्हॅटिकनने वाहनचालकांसाठी दहा आज्ञाच प्रसिद्ध केल्या, आणि त्यातली पहिली आज्ञा 'हत्या करू नको' हीच आहे.

आपल्याकडे याच प्रश्नावर मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात एक श्लोक आहे. ज्या ग्रंथाचे 25 डिसेंबर 1927 रोजी महाड येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली दहन झाले, तो मी प्रमाण मानत नाही आणि ते दहन योग्यच होते असे मला वाटते. पण जुन्या लोकांनी दंडाचा विचार कसा केला होता, हे पाहण्यासाठी तो उघडावा लागतो. राजाने दंड केलेली माणसे निर्मळ होऊन पुण्यवंतांप्रमाणे स्वर्गाला जातात, असे तिथे म्हटले आहे. पावती फाडली की दोष फिटला, याला याहून सोयीचा आधार कोणता मिळणार? परंतु त्याच्या थोडे आधी, चोराने केस मोकळे सोडून, आपला अपराध स्वतःच्या तोंडाने सांगत राजाकडे धावत जावे, असे सांगितले आहे. म्हणजे शुद्ध होतो तो कबुली देणारा. दंड ही अपराधाची किंमत असती, तर ज्याच्या गाठीला पैसा आहे त्याने हवे तितके अपराध विकत घेतले असते.

त्याच अध्यायात गाडीच्या अपघातांचेही नियम आहेत, हे वाचून मला आश्चर्य वाटले होते. बैलाची वेसण तुटली, जू मोडले, आस तुटला किंवा चालकाने "बाजूला व्हा" असे ओरडून सावध केले होते, तर दंड नाही. पण चालक अकुशल असल्यामुळे गाडी भरकटून हानी झाली, तर दंड मालकाला. बैलगाडीच्या काळातही जे टाळता येण्याजोगे होते आणि जे नव्हते, त्यांच्यात फरक केला जात होता. उलट दिशेने दुचाकी चालवणे तुटलेल्या वेसणीत बसत नाही.

आता या वादातला खरा अवघड मुद्दा घेतो. चोरी कायदा नसतानाही वाईट असते, पण रस्त्याच्या डावीकडून चालवणे स्वतःहून चांगले किंवा वाईट नसते. आपल्याकडे डावी बाजू आहे, अमेरिकेत उजवी. जे केवळ संकेताने ठरले, ते मोडण्यात अधर्म कसा असेल? त्या दूधवाल्या काकांची आठवण नसती, तर मीही कदाचित इथेच थांबलो असतो. ते आपल्या बाजूने, आपल्या गतीने येत होते, कारण त्या बाजूने समोरून कोणी येणार नाही असा त्यांना विश्वास होता. बाजू कोणती हे ठरण्यापूर्वी ती केवळ सोय होती. ती ठरल्यावर माणसे तिच्या भरवशावर आपला जीव घेऊन रस्त्यावर येऊ लागली. हिरवा दिवा लागल्यावर मागे लहान मुलाला बसवून चौकात शिरणारी बाई आडव्या रस्त्यावर थांबलेल्या पन्नास अनोळखी माणसांवर विश्वास टाकत असते. तो विश्वास आपल्याकडे दिलेली ठेव आहे, आणि कुणाची ठेव बुडवणे हे आपल्या घराघरांत पाप मानले गेले आहे. 2022 या एका वर्षात भारतात रस्ते अपघातांत 1,68,491 माणसे गेली, असे केंद्र सरकारचा अहवाल सांगतो. त्यांतल्या कितीजणांनी समोरच्याच्या शिस्तीवर भरवसा ठेवला असेल, याचा विचार केला की संकेत आणि धर्म यांतले अंतर मला फार कमी वाटू लागते.

मग रात्री दोन वाजता, रिकाम्या चौकात, लाल दिव्यापुढे थांबावे का? इथे कोणाचाही विश्वास पणाला लागलेला नसतो, हे मी मान्य करतो, आणि गर्दीच्या चौकात सिग्नल तोडण्याइतका हा दोष मोठा आहे असे मी म्हणणार नाही. तरीही थांबावे असेच माझे मत आहे. चौक रिकामा आहे हे ठरवणारा मी असतो, आणि त्या पहाटे मीही रस्ता रिकामाच धरला होता. शिवाय जो अंतर्यामी आहे, सर्व पाहतो, असे मी रोज हरिपाठ म्हणताना मानतो, त्याचे पाहणे कॅमेऱ्यापेक्षा कमी धरले, तर माझ्या मानण्याला अर्थ काय? बायबलमध्ये रोमकरांना लिहिलेल्या पत्रात संत पौलानेही राज्यसत्तेच्या अधीन राहण्याची कारणे दोन दिली आहेत, शिक्षेचे भय आणि सदसद्विवेकबुद्धी. इस्लामी फिकह (धर्मविधिशास्त्र) अकादमीने जून 1993 मध्ये ब्रुनेई येथे ठराव केला, त्यात शरियतशी विसंगत नसलेले वाहतुकीचे नियम पाळणे हे धार्मिक कर्तव्यच ठरवले आहे. पोलीस नसतानाही बंधन उरते, हे तिथेही गृहीत धरलेले आहे.

घरात कोणी अत्यवस्थ असेल, तर नियमाचा हेतूच वेगळे वागायला सांगतो, आणि त्यावर वाद घालण्यासारखे काही नाही. मात्र श्रद्धेच्या नावाने सवलत गृहीत धरणे मला पटत नाही. पगडी घातलेल्या शिखांना हेल्मेटमधून सूट आहे, पण ती 1988 च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम 129 मध्ये उघडपणे लिहिलेली आहे. कोणी ती परस्पर घेतलेली नाही. आमच्या मिरवणुकांमागे रुग्णवाहिका भोंगा वाजवत उभी राहते, तेव्हा अशी कोणती सूट आम्हाला मिळालेली असते? तिला वाट न देणाऱ्याला 2019 च्या दुरुस्तीनंतर 10,000 रुपयांपर्यंत दंड आहे, पण आत असलेल्या माणसाचे देणे त्याने फिटत नाही.

वारकऱ्याला तर हे बाहेरून शिकवायला नको. ज्ञानेश्वर माउलींच्या सोहळ्यात रथापुढे कोणती दिंडी कुठे चालणार, रथामागे कोण, हे क्रमांकाने ठरलेले असते आणि तो क्रम कोणी मोडत नाही. मुक्कामी समाजआरतीच्या वेळी चोपदार दंड उंचावतात आणि हजारो टाळ-मृदंग एका क्षणात थांबतात. तिथे कोणी पावती फाडत नाही. इतक्या मोठ्या समुदायाला शिस्तीने चालवण्याचे हे ज्ञान आपल्याकडे असताना दुचाकीवर बसल्यावर ते कुठे जाते? आणि रस्त्यावरच्या बेपर्वाईची किंमत वारकऱ्यांइतकी कोणाला माहीत असावी! 31 ऑक्टोबर 2022 च्या संध्याकाळी सांगोला तालुक्यात जुनोनीजवळ कार्तिकीला निघालेल्या दिंडीत भरधाव मोटार शिरली आणि सात वारकरी गेले.

अजून एका गोष्टीमुळे लाल दिवा मला जवळचा वाटतो. महाभारताच्या वनपर्वात अष्टावक्र सांगतो की, वाट आधी आंधळ्याची, बहिऱ्याची, स्त्रीची आणि ओझे वाहणाऱ्याची. हे ऐकताना मन भरून येते. पण लगेच पुढे तो म्हणतो की, ब्राह्मण समोर नसेल तर वाट राजाची आणि असेल तर ब्राह्मणाचीच. ज्यांना त्या वाटेवर पायच ठेवता येत नव्हता, त्यांचा तर तिथे उल्लेखही नाही. केरळमधल्या वैकोमच्या मंदिराभोवतालच्या रस्त्यांवरून नुसते चालता यावे, एवढ्यासाठी 1924 मध्ये माणसांना सत्याग्रह करावा लागला. त्या मानाने सिग्नलचा दिवा कोणाची जात, पद किंवा माळ विचारत नाही. मोटारीतला साहेब आणि सायकलवरचे काका त्याच्यापुढे सारखेच थांबतात. 'भेदाभेद भ्रम अमंगळ' असे म्हणणाऱ्या तुकोबांचे नाव घेऊन मी त्या दिव्यापुढून निघून गेलो, तर त्या वचनाचा अर्थ मीच पुसला असे होईल. माळ पाहून काकांनी स्वतःकडे चूक घेतली होती, त्यात हा जुना भेदच बोलत होता, असे मला आज वाटते.

गेल्या कार्तिकात पुन्हा एकदा उशीर झाला. पुढच्या चौकापर्यंत गेलो, दिवा लाल होता, रस्त्यावर कोणी नव्हते. तो हिरवा होईपर्यंत थांबलो आणि वळून मंदिरात पोहोचलो, तेव्हा काकडा सुरू होऊन दोन अभंग झाले होते. मी दारापाशीच, चपलांच्या कडेला उभा राहिलो आणि तिसऱ्या अभंगाला आवाज दिला.