तुम्ही विचारलंत म्हणून: एका गोळीबारासाठी एवढे आवाज कशाला?

आमच्या वाचनगटात मी जमैकन लेखक मार्लन जेम्सची ‘अ ब्रीफ हिस्टरी ऑफ सेव्हन किलिंग्ज’ ही कादंबरी सुचवली की ठरलेला प्रश्न येतो. गेल्या महिन्यात एका काकूंनी विचारलाच. “अगं, सातशे पानं, पाऊणशे माणसं, पानोपानी शिव्या आणि रक्त. सरळ एकाच्या तोंडून सांगता आली नसती का ही गोष्ट त्याला?”

याचं उत्तर द्यायचं तर मला बाबांपासून सुरुवात करावी लागते.

जमैका हे नाव मी पहिल्यांदा ऐकलं ते बाबांकडून, आणि तेही सबायना पार्कच्या गोष्टीत. एप्रिल १९७६. किंग्स्टनच्या त्या मैदानावर वेस्ट इंडिजच्या तोफखान्यापुढे अंशुमन गायकवाडच्या कानावर चेंडू बसला, विश्वनाथचं बोट मोडलं, ब्रिजेश पटेलचं तोंड फुटलं. दुसरा डाव ५ बाद ९७ वर संपला, कारण पुढे बॅट घेऊन उतरायला कोणी धड उरलंच नव्हतं. बाबा हे सांगताना प्रेक्षकांचा आवाजही काढून दाखवायचे. “मारा, मारा” असा एकच गलका. कितीतरी वर्षं माझ्यासाठी किंग्स्टन म्हणजे तेवढंच होतं, चेहरे नसलेला गलका.

त्याच वर्षी त्याच शहरात काय चाललं होतं, ते मला या कादंबरीमुळे शोधावंसं वाटलं. जूनमध्ये जमैकात आणीबाणी लागली होती. १५ डिसेंबरला निवडणूक होती. एकीकडे पंतप्रधान मायकेल मॅन्ली यांची पीपल्स नॅशनल पार्टी, दुसरीकडे एडवर्ड सियागा यांची जमैका लेबर पार्टी. गरिबांच्या वस्त्या दोघांनी वाटून घेतलेल्या. बॅक-ओ-वॉल नावाची झोपडपट्टी पाडून सियागांनी टिव्होली गार्डन्स ही वसाहत उभी केली, ती लेबर पार्टीचा बालेकिल्ला झाली. घर पक्षाकडून, काम पक्षाकडून, आणि बंदूकही त्याच वाटेने यायची.

३ डिसेंबरच्या संध्याकाळी ५६, होप रोड इथल्या, जगप्रसिद्ध रेगे गायक बॉब मार्लीच्या घरात बंदूकधारी शिरले. गोळी मार्लीच्या छातीला चाटून दंडात घुसली. त्याच्या बायकोला, रीटाला, डोक्यात गोळी लागली. मॅनेजर डॉन टेलर गंभीर जखमी झाला. सगळे वाचले, आणि दोनच दिवसांनी मार्ली ‘स्माइल जमैका’ या जाहीर कार्यक्रमाच्या मंचावर उभा राहून गायला. हल्लेखोरांपैकी कोणालाही कोर्टात शिक्षा झाली नाही.

काकू, माझं उत्तर इथे आहे. खटलाच उभा राहिला नाही, तर साक्षी कोण नोंदवणार? जेम्स तेव्हा सहा वर्षांचा होता, आई-वडील दोघंही पोलिसात. २०१४ साली आलेल्या, याच गोळीबाराभोवती फिरणाऱ्या या कादंबरीत त्याने सगळ्यांना बोलावलंय: टोळीचा दादा, त्याच्या हाताखालची पोरं, सीआयएचा माणूस, अमेरिकन पत्रकार, अगदी मेलेला एक पुढारीसुद्धा. पाच भाग, प्रत्येक भाग एका दिवसाचा, १९७६ पासून १९९१ पर्यंत. बंदुका कुठून आल्या हे ज्याला ठाऊक, त्याला वस्तीतली भूक ठाऊक नाही. ज्याच्या हातात बंदूक आहे, त्या पोराला ती कशासाठी दिली हे कोणी सांगितलेलं नाही. एकाच्या तोंडून ही गोष्ट सांगितली असती, तर ती खोटी झाली असती. आणि ज्याच्यावर गोळ्या झाडल्या तो नुसता ‘सिंगर’. त्याच्या तोंडी एकही प्रकरण नाही. त्याचं सगळ्या जगाने ऐकलंच आहे.

मला सगळ्यात जवळची वाटते ती नीना बर्जेस. सिंगरबरोबर तिने कधीतरी एक रात्र काढलेली. आता घरच्यांना देशाबाहेर काढायचंय, व्हिसासाठी त्याने शब्द टाकावा एवढ्या आशेवर ती त्याच्या गेटाबाहेर तासन् तास उभी असते. पाय दुखतात, रखवालदार आत सोडत नाही, घरी जायचं तर काय तोंडाने जायचं. आणि नेमक्या त्या वेळी ती तिथे असते. पुढची पंधरा वर्षं नावं बदलत ती पळत राहते, ते त्या संध्याकाळपासून.

शिव्या आहेत, अत्याचार आहेत, सगळ्यांना झेपेल असं हे पुस्तक नाही. मी आग्रह करत नाही. न्यूयॉर्कच्या अमली पदार्थांच्या अड्ड्यांचा भाग मला लांबलेलाही वाटतो. पण जमैकन बोलीला घाबरू नका. मोठ्याने वाचा. डोळे अडखळतात तिथे कान वाट काढतात, हा माझा अनुभव आहे. सुरुवातीला पात्रांची यादी आहे, तिची झेरॉक्स काढून जवळ ठेवा. मी माझी कपाटाच्या दाराला चिकटवली होती.

बाम-बाम नावाचा एक पोरगा आहे, गोळ्या झाडायला गेलेल्यांपैकी. नंतर त्याला जिवंत पुरतात. तिथे जेम्सचं गद्य तुटून कवितेच्या ओळी होतात, श्वास संपत आल्यासारख्या, आणि तो बोलतच असतो. त्या रात्री मी पुस्तक पालथं ठेवलं आणि बराच वेळ गॅलरीत उभी राहिले.

दुसऱ्या दिवशी ती पानं मी बाबांना मराठीत सांगत गेले, जमेल तशी. ते मध्ये एकदाही बोलले नाहीत. मी थांबल्यावर म्हणाले, “केवढा होता गं पोरगा?”

“मिसरूड फुटायच्या वयाचा,” मी म्हटलं.

बाबांनी चष्मा काढला आणि पुसत बसले.