मोंबासात सहा तास लवकर

केनियातल्या मोंबासा या बंदराच्या शहरी जाण्यापूर्वी मी स्वाहिली शब्दांची एक छोटी पुस्तिका वाचून काढली होती, आणि तिने माझा चांगलाच गैरसमज करून दिला. गाडीला गारी, पैशाला पेसा, लाखाला लाकी, विम्याला बिमा, आंब्याला एंबे, हिशेबाला हेसाबू, साबणाला साबुनी आणि सरकारला सेरिकाली म्हणणारी भाषा म्हणजे अरबी, फारसी आणि हिंदुस्थानी शब्दांची खिचडीच असणार आणि चार दिवसांत आपण ती रेटून बोलू लागू, अशी माझी समजूत होती. स्वाहिली हे नावच मुळी 'साहिल', म्हणजे किनारा, या अरबी शब्दावरून आलेले आहे. कोकणात वाढलेल्या बाईला किनाऱ्याची भाषा किती जड जाणार?

ज्यांच्या घरी उतरले होते त्या बाईंनी पहिल्या सकाळी न्याहारीला 'महामरी' वाढल्या. नाव ऐकून मराठी माणूस दचकतो, पण त्या वेलदोड्याच्या वासाच्या, नारळाच्या दुधात पीठ भिजवून तळलेल्या तिकोनी, फुगीर पुऱ्या असतात आणि त्यांच्यासोबत नारळाच्या रसातले तुरीचे दाणे असतात. समोर त्यांची नात शाळेचा अभ्यास करत बसली होती. दोन पुस्तकांकडे बोट दाखवून मी ऐटीत म्हटले, "किताबू म्बिली." ती खुदकन हसली आणि तिने मला सुधारले, "विताबू विविली."

माझी समजूत तिथेच मोडली. अरबीतला किताब या किनाऱ्यावर उतरला तेव्हा त्यातल्या 'कि'ला स्वाहिलीने आपलाच उपसर्ग मानले, कारण स्वाहिली ही आफ्रिकेतल्या बांटू भाषाकुळातली भाषा आहे, तिच्यात नामांचे वर्ग असतात आणि 'कि' हे त्यांतल्या एका वर्गाच्या एकवचनाचे चिन्ह आहे. मग अनेकवचन 'वि'ने होणार हे ओघानेच आले, आणि त्यामागून विशेषण आणि क्रियापदही तेच चिन्ह कपाळावर लावून येते. 'किताबू किकुब्वा किमेआंगुका' म्हणजे मोठे पुस्तक पडले. 'विताबू विकुब्वा विमेआंगुका' म्हणजे मोठी पुस्तके पडली. मराठीतही पुस्तकाबरोबर 'मोठे' आणि 'पडले' ही दोन्ही पदे बदलतात, फक्त आपण शब्दाचे शेपूट बदलतो आणि ते तोंड बदलतात. हा व्यवहार इतका पक्का आहे की टांझानियात रस्त्यावरच्या वर्तुळाकार चौकाला इंग्रजी 'कीप लेफ्ट' या पाटीवरून 'किपिलेफ्टी' म्हणू लागले आणि त्याचे अनेकवचन 'विपिलेफ्टी' होऊन बसले. माल बाहेरून येतो हे खरे, पण तो ठेवायचा कसा हे घरची मंडळी ठरवतात, आणि ती मंडळी बांटू आहेत. भाषेचे नावसुद्धा तिथे नुसते स्वाहिली नसून तोच उपसर्ग लावून किस्वाहिली असे आहे.

दुसऱ्या दिवशीची फजिती मात्र शुद्ध माझ्या अर्धवट ज्ञानाची होती. टुकटुकवाल्याने येण्याची वेळ "सा कुमी" अशी सांगितली. कुमी म्हणजे दहा हे मला ठाऊक होते, म्हणून मी सकाळी दहाला पर्स काखोटीला मारून दारात उभी राहिले. तो आला दुपारी चारला, अगदी वेळेवर. तिथे दिवसाचे तास सूर्योदयापासून मोजतात, त्यामुळे सकाळचे सात म्हणजे पहिला तास, मध्यान्ह म्हणजे सहावा आणि चार म्हणजे दहावा. विषुववृत्ताजवळ सूर्य वर्षभर साधारण त्याच वेळी उगवत असल्याने हा हिशेब कधी बिघडत नाही. चिडण्याचा मला अधिकार नव्हता, कारण आपली 'दुपार'सुद्धा सूर्योदयापासून मोजलेले 'दोन प्रहर'च आहेत, फक्त आपण ते विसरलो आहोत.

त्याच संध्याकाळी बियाशारा स्ट्रीटवर गेले. बियाशारा म्हणजे व्यापार, आणि रस्ताभर कांगांची, म्हणजे बायका कमरेला गुंडाळतात त्या छापील कापडांची, दुकाने आहेत. केनियाच्या किनाऱ्यावर कांगाला 'लेसो' म्हणतात. हा शब्द रुमालासाठीच्या पोर्तुगीज शब्दावरून आला आहे. गल्ल्यावरच्या वृद्ध बाईंना मी घरी शिकून आलेले "शिकामो" म्हटले. त्याचा मूळ अर्थ 'पाय धरते' असा सांगतात; वडीलधाऱ्यांनी त्यावर "मराहाबा" असे अरबी उत्तर द्यायचे असते. त्यांनी ते दिले आणि मग कापड उलगडून दाखवले: काठाला 'पिंडो' म्हणतात, मधल्या भागाला 'म्जी', म्हणजे गाव, आणि खालच्या चौकटीत छापलेल्या वाक्याला 'जिना', म्हणजे नाव. गिऱ्हाईक रंगाइतकेच हे नाव पाहून लेसो निवडते, कारण सवतीला किंवा शेजारणीला तोंडाने देता न येणारा टोमणा कमरेला गुंडाळून देता येतो. मी मात्र निरुपद्रवी वाक्य घेतले: 'हाबा ना हाबा हुजाझा किबाबा', थोड्याथोड्याने मापटे भरते. आपल्याकडे थेंबाथेंबाने तळे साचते. तिथे दाण्यादाण्याने माप भरते. लेसो जोडीने विकतात आणि जोडीला 'डोटी' म्हणतात, तेव्हा धोती आठवल्यावाचून राहत नाही.

शेवटच्या दिवशी फोर्ट जीझस पाहिला. पोर्तुगीजांनी 1593 ते 1596 या काळात बांधलेला हा किल्ला गोव्याच्या व्हाइसरॉयच्या अखत्यारीत होता. 1696 मध्ये पडलेला ओमानी वेढा जवळजवळ तेहेतीस महिने चालला आणि 1698 च्या डिसेंबरात किल्ला पडला. भिंती प्रवाळाच्या दगडाच्या आहेत, आणि दमट हवेत त्यांवर हात ठेवला की बारीक, खरखरीत भोके बोटांना लागतात. ब्रिटिशांनी 1895 पासून 1958 पर्यंत इथे तुरुंग चालवला. स्वाहिलीत तुरुंगाला 'गेरेझा' म्हणतात आणि तो शब्द पोर्तुगीज 'इग्रेझा'पासून आला असे मानतात. गोव्यात आजही चर्चला जे इगर्ज म्हणतात, त्याचेही मूळ तेच. खुद्द चर्चसाठी स्वाहिलीने अरबीतला 'कानिसा' उचलला.

मी रखवालदाराला जुने चर्च कुठे होते ते विचारले. त्याने आतल्या बाजूच्या पडक्या चौथऱ्याकडे बोट केले आणि म्हणाला, "कानिसा." मग तोच हात चारही तटांवरून गोल फिरवत म्हणाला, "गेरेझा."