कोपऱ्याचे पाय

रविवार, २२ डिसेंबर २०२४, कोलंबस

काल स्टेडियममधून घरी यायला बारा वाजून गेले. थंडी इतकी होती की पायाची बोटं अजून ठणकतायत. अमेरिकन फुटबॉलमध्ये आमच्या ओहायो स्टेट विद्यापीठाने टेनेसीला ४२-१७ हरवलं, पहिल्या क्वार्टरलाच २१-०! मन भरून आलं होतं. सकाळी चहा घेऊन टीव्हीसमोर बसलो आणि सगळ्यावर पाणी पडलं. तिघे विश्लेषक, पालुपद एकच: ओहायो स्टेट जागी झाली, मुलांनी जिगर दाखवली.

म्हणजे तीन आठवड्यांपूर्वी याच मुलांकडे जिगर नव्हती?

३० नोव्हेंबरला मिशिगनकडून १३-१० असे हरलो, तेव्हा टीव्हीवर ऐकलं की मिशिगनला जिंकायची भूक जास्त होती. मग सामन्यानंतर झेंड्यावरून झालेली हाणामारी. मग प्रशिक्षक रायन डे यांना ठेवायचं की काढायचं. दिवसच्या दिवस हेच दळण. हरलो कसे, याबद्दल मी तरी धड एक वाक्य ऐकलं नाही.

मी तो सामना पुन्हा बघितलाय, दोनदा. त्रास होतो, पण बघितला. मध्यांतराला १०-१० होतं, त्यानंतर आम्हाला एकही गुण नाही. दोन फील्ड गोल, म्हणजे लाथेने मारायचे गोल, हुकले ते सगळ्यांना दिसले. पण त्याच्या आधीचं? चेंडूवाल्यासाठी समोरच्यांना अडवून धरणारी पाच जणांची फळी म्हणजे लाइन. तिच्या डाव्या टोकाचा लेफ्ट टॅकल जॉश सिमन्स ऑक्टोबरात जायबंदी झालेला, मधला सेंटर सेथ मॅक्लॉफलिन नोव्हेंबरात. म्हणजे लाइनची दोन खोडं गेलेली. समोर मिशिगनच्या बचावाच्या मधोमध मेसन ग्रॅहम आणि केनेथ ग्रँट, आणि आम्ही पुन्हा पुन्हा चेंडू घेऊन त्यांच्याच अंगावर धावतोय! एक खेळी मी थांबवून थांबवून बघितली. सेंटरने चेंडू मागे दिला, त्याचं दुसरं पाऊल पडायच्या आत समोरच्याचा हात त्याच्या खांद्याखाली. शेजारचा गार्ड मदतीला वळला तो अर्धा क्षण उशिरा. मागून आलेल्या पळणाऱ्याला फट मिळालीच नाही. धावून दिवसभरात ७७ यार्ड. उलट मिशिगनने चेंडू फेकून जेमतेम ६२ यार्ड मिळवले, तरी सामना त्यांचा. यात भूक कुठे आली?

बाबा सांगलीला कबड्डी खेळायचे. लहानपणी सामन्याला न्यायचे तेव्हा सांगायचे, सगळं मैदान चढाईवाल्याकडे बघतं, तू कोपऱ्याचे पाय बघ. पकड होणार की नाही, ते तिथे आधी कळतं. इथे येऊन हा खेळ मला समजला तो त्या एका सवयीमुळे. आणि ज्यांचं पोटच यावर चालतं, त्यांना लाइनकडे बघावंसं वाटू नये? मला याचं खरोखर वाईट वाटतं. ती मुलं आठवडाभर घाम गाळतात, आणि त्यांच्या मेहनतीचा हिशेब एका शब्दात उरकला जातो.

काल बदललं ते डोळ्यांसमोर होतं. पहिल्यापासून चेंडू हवेत, तो झेलणाऱ्या जेरेमाया स्मिथ आणि एगबुकाकडे. पहिल्याच चढाईत स्मिथचा ३७ यार्डांचा टचडाउन, चेंडू थेट शेवटच्या रेषेपार. त्यामुळे टेनेसीचा बचाव पसरला आणि हेंडरसनला पळायला वाट मिळाली. मधल्या गर्दीत डोकं आपटणं थांबलं, एवढंच. मुलं तीच.

१ तारखेला पॅसाडिनाला ओरेगनशी गाठ आहे. ऑक्टोबरात त्यांच्याकडून ३२-३१ असे हरलो होतो, म्हणजे आता आठवडाभर सूडाच्या गोष्टी ऐकायच्या. मी आवाज बंद करून बघणार आहे. गार्डच्या जागेवरून सिमन्सच्या जागी आलेल्या डोनोव्हन जॅक्सनचे पाय.