घरच्या घरी हातशिलाई शिकले, माझा अनुभव

मुलाच्या शाळेची फुलपँट दरवर्षी वाढत्या मापाची घ्यायची आणि खालून दुमडून शिवून आणायची हे आमच्याकडे ठरलेलं. पण जूनमध्ये टेलरकडे इतकी गर्दी असते की शाळा सुरू झाली तरी पँट हातात येत नाही, आणि आली तरी जास्तीचं कापड कापून टाकलेलं असतं, म्हणजे पुढच्या वर्षी उसवून लांब करायची सोयच नाही. म्हणून यंदा ठरवलं की हेमिंग, म्हणजे कड दुमडून हाताने शिवणं, आपणच शिकायचं. सासूबाईंना येतंच, त्यांच्याकडेच बसले.

त्यांनी आधी सुई हातात दिलीच नाही. "पँट आधी धुऊन घे गं, नवीन सुती कापड आटतं, मग माप घे." मग मुलाला शाळेचे बूट घालून सरळ उभं केलं, तो खाली वाकून बघायला लागला की पँट वर सरकते म्हणून समोर भिंतीकडे बघायला सांगितलं, खडूने खूण केली, टाचण्या लावल्या. कडेला अर्धा सेंटीमीटर आत दुमड आणि मग उरलेलं सगळं कापड, दोन-अडीच इंच असेल, ते पुन्हा दुमडून कडक इस्त्री. ही इस्त्री कुणी टाळू नका प्लीज, घडी नीट बसली की निम्मं काम तिथेच झालं.

आता टाका. दोरा एकेरी आणि हातभरच घ्यायचा, लांब घेतला की गुंता होतोच. गाठ दुमडीच्या आत लपवायची. सुई दुमडीच्या कडेतून बाहेर काढायची, तिथेच समोरच्या कापडाचे एक किंवा दोनच धागे उचलायचे, परत दुमडीत शिरायचं आणि आतून पाव इंच पुढे निघायचं, बस एवढंच. दोरा घट्ट ओढला की सुलट बाजूला खळी पडते, म्हणून थोडा सैल. आणि मुलांच्या पँटसाठी एक खास गोष्ट, घाईत पँट घालताना पायाचा अंगठा त्या दुमडीत अडकतो आणि ओळीने टाके उसवतात, त्यामुळे चार-पाच टाक्यांनंतर एक टाका जागच्या जागी दोनदा घालून पक्का करायचा. मग तुटलं तरी तेवढंच तुटतं. मला हे फार आवडलं, कुठल्याच व्हिडिओत बघितलं नव्हतं.

पँट जमल्यावर साडीचा फॉल घेतला, खरी मजा त्यात आहे. फॉल आणल्या आणल्या पाण्यात भिजवायचा, वाळवायचा, इस्त्री करायची, नाहीतर साडी पहिल्यांदा धुतली की आतला फॉल आटतो आणि निऱ्यांच्या खाली चुण्या पडतात. नेसताना जे टोक आधी खोचतो तिथून वीतभर सोडून फॉल सुरू करायचा. साडी मांडीवर घेऊन नाही, जमिनीवर चटई टाकून पसरायची आणि फॉल अजिबात न ताणता नुसता ठेवायचा. खालची कड आधी बारीक धावदोऱ्याने, मग वरची कड हेमच्या टाक्याने. जरीचा काठ असेल तर एकदम बारीक सुई, जाड सुईने जरीचा धागा ओढला जातो आणि ती रेघ कायमची दिसते. दोरा काठाच्या रंगाचा, अगदी तसाच मिळाला नाही तर एक शेड गडद घ्यायचा, फिका जास्त उठून दिसतो.

घेरदार कुर्त्याचं गणित अजून वेगळं. उरेब, म्हणजे तिरकं कापलेलं, कापड स्वतःच्या वजनाने खाली उतरतं, त्यामुळे शिवायच्या आधी रात्रभर हँगरला लटकवून ठेवते, सकाळी घेर कुठे खाली आलाय ते बघून जमिनीपासून पट्टीने मोजत खुणा करते आणि मगच दुमडते. तिथे रुंद दुमड चालत नाही, वरच्या बाजूला कापड गोळा होतं, पाव इंचाचीच बारीक घालायची.

टी-शर्ट मात्र मी अजून बाहेरच देते. ताणणारं कापड आहे, साध्या सरळ शिलाईचा दोरा टी-शर्ट अंगात घालताना कटकन तुटतो, त्याला झिगझॅगसारखा ताणणारा टाका लागतो आणि तसं मशीन आमच्याकडे नाही.