दुपारी मिटणारी फुले

वॉशिंग्टन राज्यातील पुलमन आणि आयडाहो राज्यातील मॉस्को ही दोन विद्यापीठांची गावे जेमतेम 13 किलोमीटर अंतरावर आहेत आणि त्यांच्यामध्ये पलूस प्रदेशातील गव्हाच्या टेकड्या पसरल्या आहेत. जूनच्या आरंभी मी तेथे गेलो, तो एक तण पाहण्यासाठी. पहिल्या दिवशी जेवण आटोपून बाहेर पडलो आणि फजिती झाली. या तणाची, म्हणजे ट्रॅगोपोगॉनची, फुले सकाळी उमलून दुपारपर्यंत मिटतात, हे वाचलेले असूनही मी विसरलो होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळीच दोन्ही गावांना जोडणाऱ्या जुन्या रेल्वेमार्गावरील वाटेने निघालो. ‘ट्रॅगोपोगॉन’ म्हणजे ग्रीकमध्ये बोकडाची दाढी. या वनस्पतीच्या डुबियस, प्रॅटेन्सिस आणि पोरिफोलियस या तीन जाती विसाव्या शतकाच्या आरंभी युरोपातून येथे येऊन पोहोचल्या. पहिल्या दोन पिवळ्या फुलांच्या, तिसरी जांभळी. प्रत्येकीची गुणसूत्रे 12, म्हणजे 6 जोड्या. दोन जातींचा संकर होतो, पण आईकडील 6 आणि वडिलांकडील 6 गुणसूत्रे नीट जुळत नाहीत आणि संकरज जवळजवळ वांझ राहतो. क्वचित मात्र गुणसूत्रांची संख्या दुप्पट होते. मग 24 गुणसूत्रांतील प्रत्येकाला आपला जोडीदार मिळतो आणि रोप सुपीक होते. उलट मूळ जातीशी त्याचा पुन्हा संकर झाला, तर 12 आणि 6 मिळून 18 गुणसूत्रांची, बहुधा वांझ संतती होते. मध्ये ना डोंगर, ना समुद्र. आईबापांच्या शेजारीच उभी राहून नवी जात त्यांच्यापासून तुटते. वनस्पतिशास्त्रज्ञ मॅरियन ओनबी यांनी 1950 मध्ये मिरस आणि मिसेलस या अशा दोन जातींचे वर्णन प्रसिद्ध केले.

वाटेच्या कडेला गुडघाभर उंचीचे एक मिसेलस, म्हणजे डुबियस आणि प्रॅटेन्सिस यांच्या संकरातून आलेले रोप, सापडले. देठ मोडताच पांढरा चीक बोटाला चिकटला. पाकळ्या लांब होत्या. मॉस्कोच्या बाजूला त्याच जातीच्या फुलांच्या पाकळ्या मात्र आखूड होत्या, कारण पुलमनच्या रूपात आई डुबियस असते, तर मॉस्कोच्या रूपात प्रॅटेन्सिस. म्हणजे हीच जात किमान दोनदा, स्वतंत्रपणे जन्मली. जनुकीय अभ्यासांनुसार तर त्याहून अधिक वेळा. शिवाय काही रोपांतून एका पालकाची जनुके गळून गेलेली आढळतात आणि ती बहुतेक वेळा डुबियसची असतात. ज्या प्रक्रियेला लाखो वर्षे लागतात असे आपण शाळेत शिकतो, तिचा हा आरंभ माझ्या आजोबांच्या हयातीत घडला, याचे मला सर्वाधिक नवल वाटले.

वाटेपलीकडे गहू वाऱ्यावर डुलत होता. त्याचा जन्मही असाच संकरातून आणि गुणसूत्रांच्या वाढीतून झालेला: आपल्या खपलीची गुणसूत्रे 28, आणि तशाच गव्हाचा एका रानगवताशी संकर होऊन झालेल्या पोळीच्या गव्हाची 42. साडेअकरा वाजले, ऊन तापले आणि बोकडाच्या दाढीची फुले एकेक करून मिटू लागली.